बटाट्यांत झोपलेला गुलाब

ऐन उन्हाळ्यात, लोक ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पंख्याखाली पडलेले असताना, आमच्या गल्लीतून एक गृहस्थ सायकलवरून कामाला जातात. कॅरिअरला दोन स्वेटर बांधलेले, हँडलला माकडटोपी लटकवलेली. संध्याकाळी परतताना कधी कधी ते सगळं अंगावरच असतं, कारण काढायचं लक्षात राहत नाही. गल्लीत नव्याने राहायला आलेला माणूस हमखास हळूच विचारतो, “यांचं सगळं ठीक आहे ना?” आम्ही सांगतो, अगदी ठीक आहे, कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहेत. हे माझे सख्खे काका. गल्लीने त्यांचं नाव स्वेटरकाका ठेवलंय, आणि आता त्यांनी बनियनवर फिरायचं ठरवलं तरी ते बदलायचं नाही.

काकांचं काम म्हणजे थंडी सांभाळणं. हातभर जाडीच्या भिंती, आत छतापर्यंत बटाट्याची पोती, आणि शेजारच्या खोलीत सतत घुमणारे कॉम्प्रेसर. यंत्राचा सूर जरा बदलला की काका घास खाली ठेवून उठतात. कोणत्या मालाला किती गारवा लागतो, कोण कोणाशेजारी सुखाने राहतो, कोण कोणाला नासवतो, हे त्यांना नातेवाइकांच्या भानगडींपेक्षा जास्त पाठ. बोलणं मात्र बेताचं. “हो”, “नाही”, “बघू” आणि “दार लावा” एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळी नोकरी काढली.

घरात बोलायचं खातं काकूकडे आहे. काकू शाळांचे गणवेश शिवते. खिडकीशी तिचं मशीन, भोवती निळ्या कापडाचे ढीग, आणि मशीनच्या आवाजावर मात करणारी तिची जीभ. ती एकटी बोलत असली तरी खालून जाणाऱ्याला वाटतं, वर चार पाहुणे आलेत. मी त्यांच्याच शेजारच्या खोल्यांत वाढले, आणि आता काकांच्या शब्दावर त्याच कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात वजनकाट्याच्या पावत्या करते. त्यामुळे पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि आधीच सांगून ठेवते, त्या दोघांच्या भांडणात मी नेहमी काकूच्या बाजूने असते.

सुरुवात झाली ती एका मोडलेल्या लग्नापासून. कोण्या श्रीमंत घरचं लग्न होतं आणि मांडवासाठी थेट युरोपातून विमानाने फुलं मागवली होती. ती एक रात्र आमच्याकडे ठेवायची होती. सकाळी कळलं, पाहुण्यांना कुठे बसवायचं यावरून दोन्ही घरांत जुंपली आणि लग्नच मोडलं. खोकी तशीच पडून राहिली. मालक म्हणाले, फेकून द्या. फेकण्याआधी काकांनी एक खोकं उघडलं. बटाट्याच्या खोलीला मातीचा एक कायमचा वास असतो, तो त्या दिवशी कुठे पळाला कोण जाणे. काकांनी त्यातलं एक फूल घेतलं आणि रिकाम्या डब्यात घालून घरी आणलं.

काकूने डबा घासायला म्हणून उघडला तेव्हा मी तिथेच काजं करत बसले होते. आत गुलाब होता, पण आमच्या ओळखीतला नाही. जर्दाळूसारखा रंग, वाटीसारखा आकार, आणि त्या वाटीत पाकळ्या इतक्या दाटीवाटीने बसवलेल्या की मोजायला घेतल्या तर वाटेत चुकायला व्हावं. आणि वास तर सगळ्या खोलीभर. काकूने ते फूल नाकाशी धरलं आणि बराच वेळ एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात काकू गप्प बसल्याचे प्रसंग लोक वर्षासकट सांगतात. मग ती म्हणाली, “असलं काही खरंच कुठे उगवतं?”

काका म्हणाले, “बघू.”

आम्हाला वाटलं, नेहमीचं ‘बघू’. ते नेहमीचं नव्हतं. काकांना ते झाड काकूसाठी आपल्या गच्चीवर हवं होतं, आणि त्या एका ‘बघू’पायी त्यांची पुढची कितीतरी वर्षं गेली.

आधी त्यांनी उरलेल्या फुलांचे दांडे कुंडीत खोचले. ते आठवड्याभरात काळे पडले. मग ते रोपवाल्यांकडे जाऊ लागले. सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग मारायची, गावाबाहेरच्या एखाद्या रोपवाटिकेत जायचं आणि विचारायचं, “विलायती आहे?” आता विलायती नाही असं म्हणणारा रोपवाला अजून जन्माला यायचाय. प्रत्येकाने छापील रंगीत चित्राची पाटी लावलेलं एक रोप काकांच्या हातात ठेवलं. पाटीवर कधी राणीचं नाव, कधी राजवाड्याचं. काका ते रोप जिवापाड जपायचे, आणि फूल यायचं ते झगझगीत गुलाबी, बिनवासाचं, गावात कुंपणाकुंपणावर दिसतं तसलं. तक्रार केली की रोपवाला म्हणायचा, “हवापालट झालाय ना, पुढच्या वर्षी रंग धरेल.” गच्चीवर कुंड्यांची रांग लागली, पाट्या सगळ्या वेगळ्या आणि फूल एकच. काकू कपडे वाळत घालताना म्हणाली, “अहो, एकाच बाईला दहा नावांनी हाका मारल्या म्हणून दहा बायका होत नाहीत.”

मग मला कामाला लावलं. तिकडच्या गुलाब तयार करणाऱ्या लोकांना मी मेल लिहायचे आणि काका मागे उभे राहून पडद्याकडे टक लावून बघायचे. उत्तरं यायची, आणि मोठ्या अदबीने यायची. एकाने कळवलं, आमची झाडं तुमच्या हवेत जगतील याची हमी देता येत नाही, म्हणून आम्ही पाठवत नाही. दुसऱ्याने कळवलं, तुमच्या देशासाठी आम्ही एकाच कंपनीला हक्क दिलेत, तिच्याकडे मागा. त्या कंपनीला फोन केला तर ती म्हणाली, आम्ही फक्त फुलांची शेती करणाऱ्यांना झाडं देतो, निदान एक एकर तरी आहे ना? काकांकडे एक कुंडी होती. शिवाय लिहून द्यायचं होतं की या झाडापासून एकही कलम करणार नाही. झाडाला मालक असतो हे ठाऊक होतं, पण झाडाच्या जातीलाही मालक असतो हे मला तेव्हा कळलं. काकू म्हणाली, “मुलगी देतानासुद्धा लोक एवढ्या अटी घालत नाहीत.”

बोलण्यात ती अशी. तोंडाने सारखं “फूल ते फूल, त्यात काय विलायती नि काय देशी” चाललेलं. काका ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायचे, “आलं का कोणाचं?” मला कधी कधी त्यांचा रागच यायचा. ज्या बाईसाठी एवढा आटापिटा करायचा ती टिंगल करतेय, आणि हे आपले पालथ्या घड्यावर पाणी ओतताहेत.

तेवढ्यात माझा भाऊ नोकरीनिमित्त तिकडे गेला. सुट्टीवर यायच्या आधी दादाने तिथल्या बाजारातून एक झाड घेतलं, न्हाणीघरात त्याची मुळं धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि ते सगळं एका लांब लोकरी मोज्यात कोंबून बॅगेत ठेवलं. कोणाला न विचारता, अर्थात. दादा पहिल्यापासून उंटावरचा शहाणा. विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि झाडांची तपासणी करणाऱ्या विभागाच्या एक मॅडम बाहेर आल्या. त्यांनी तो मोजा टोकाला धरून वर उचलला आणि दादाला विचारलं, “यातला पाय कुठे राहिला?”

काका दादाला घ्यायला गेले होते. झाड जाळून टाकणार हे ऐकल्यावर दुसरा कोणी हातापाया पडला असता, नाहीतर भांडला असता. काकांनी फक्त विचारलं, “मग कसं आणायचं?”

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. “चोरून आणलेलं झाड मेलं तर तुमचं एकट्याचं नुकसान. जगलं आणि त्याच्याबरोबर एखादा रोग आला, तर सगळ्या देशाचे गुलाब आजारी. म्हणून आधी आमचा परवाना घ्या. तिकडून तपासणीचा दाखला आणा. झाड झोपेत असतानाच, म्हणजे हिवाळ्यात वाढ थांबलेली असताना काढलेलं हवं, पानं नकोत आणि मुळांना मातीचा कणही नको. आलं की आम्ही तपासू, मग देऊ.” काकांनी मान हलवली. माल आत घ्यायच्या आधी तपासून घ्यावा लागतो हे त्यांना कोणी पटवून द्यायची गरजच नव्हती.

परवान्याला एक हिवाळा गेला. पुढच्या हिवाळ्यात कोणी झाड द्यायलाच तयार होईना. शेवटी दादाने तिकडे एका खेड्यातली वयस्कर बाई शोधून काढली. तिची छोटीशी रोपवाटिका होती, आणि तिच्याकडे एक जुनी जात होती, जिच्यावरचा मालकीहक्क कधीच संपला होता. रंग तोच जर्दाळूचा, भरपूर पाकळ्या, वास तर त्याहून गडद म्हणाली. तिने लिहिलं, मी मुळं दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करून पाठवते. तिने तीन झाडं पाठवली. काकांनी त्या बाईचा फोटो मागवून घेतला, आणि तो कपाटात का ठेवलाय याचं उत्तर काकूने बरेच दिवस मागितलं.

पण ती झाडं वाटेत रखडली. कुठे विमान चुकलं, कुठे सुट्टी आली, इथे येऊन गोदामात पडली. मॅडमनी खोकं उघडलं तेव्हा दोन झाडं उकाड्याने आतल्या आतच जागी झाली होती. पांढरे लांबट कोंब फुटून ती सडून गेली होती. तिसरं अजून झोपेत होतं. मॅडमनी ते तपासलं, काही दिवस ठेवून घेतलं, आणि काकांच्या हवाली करताना सांगितलं, “बाकीच्या गुलाबांपासून लांब ठेवा. पानं आली की कळवा, मी घरी येऊन तपासणार.”

ते झाड म्हणजे काय, तर बोटाएवढ्या जाड तीन काड्या आणि खाली मुळांचा झुपका. काड्यांवर जोंधळ्याच्या दाण्याएवढे लाल डोळे, पुढे त्यांतूनच फांद्या फुटणार. काड्यांच्या तळाशी एक गाठ, तो कलमाचा सांधा. सांध्याच्या वर विलायती गुलाब, खाली नुसता रानटी खुंट. एवढ्यासाठी इतकी वर्षं! आणि आता बाहेर असं ऊन की कुंडीतली माती हाताला चटका देत होती. त्यात ते झाड लावणं म्हणजे त्याला मारणंच होतं. काकांनी झाडाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि स्वेटर चढवला.

दुसऱ्या दिवशी ते झाड कोल्ड स्टोरेजमध्ये होतं. हवा गार होईपर्यंत त्याला तिथेच झोपवून ठेवायचं, असा काकांचा बेत. मालक म्हणाले, “बटाटे भाडं देतात. हे काय देणार?” काका म्हणाले, “फूल.” मालकांना हसू फुटलं आणि त्यांनी परवानगी दिली. काकांनी झाड ओलसर गोणपाटात गुंडाळलं, वर प्लास्टिकचं पोतं घातलं आणि बटाट्याच्या खोलीत एका कोपऱ्यात फळीवर ठेवलं. हमालांना हा मोठाच विरंगुळा झाला. पाठीवर पोतं घेऊन आत शिरताना एक दुसऱ्याला म्हणायचा, “हळू बोल रे, पाहुणे झोपलेत.” दोन-तीन दिवसांत ते खरोखरच तिथे हळू बोलायला लागले.

काकू म्हणाली, “मला मेलीला काय त्याचं? माझे इथे गणवेश तुंबलेत.” पण त्याच सुमाराला ती काकांचा डबा स्वतः घेऊन यायला लागली. आजवर काका सकाळीच डबा घेऊन निघायचे. आता ही भर दुपारी छत्री घेऊन चालत यायची, काका यंत्राच्या खोलीत असले की फाटकावरच्या माणसाला सांगून आत जायची, आणि कुडकुडत बाहेर यायची. मी विचारलं तर म्हणाली, “घरी उकडतं गं. जरा गार हवा खायला येते.” मला पटलं. उकडत तर होतंच.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा दुसऱ्या गावच्या कोल्ड स्टोरेजचं यंत्र बंद पडलं आणि त्यांनी आपला सफरचंदांचा ट्रक आमच्याकडे धाडला. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. आमच्याकडे जागा फक्त बटाट्याच्या त्या खोलीत होती. मी वजनाची पावती करीपर्यंत अर्ध्या पेट्या त्या खोलीच्या दारात उतरल्यासुद्धा. तेवढ्यात काका धावत आले. काकांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“सफरचंद आत जाणार नाही,” ते म्हणाले.

“अहो, एक-दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे,” मालक म्हणाले.

मग काका बोलले. मालक, हमाल, ट्रकवाला आणि मी, सगळे ऐकत राहिलो. “सफरचंद पिकताना त्यातून एक वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही. शेजारच्या फळाला तो पिकवतो. पण झोपलेल्या झाडाचे डोळे त्याने आतल्या आत मरतात. एकदा मेले की झाड उठत नाही. बटाटेही बिघडतील, ते मी भरून देईन. झाड कुठून भरून देऊ? आत सफरचंद तरी राहील, नाहीतर मी तरी.”

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही यंत्रच बोललं. मग म्हणाले, “बरं बाबा, पलीकडची छोटी खोली रिकामी करा.” काकांनी हमालांच्या बरोबरीने पेट्या उचलल्या. घामाघूम झाले, तेही स्वेटर घालून.

पेट्या हलल्यावर काका आत गेले. दारात उभ्या असलेल्या पेट्यांचा काही परिणाम तर झाला नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. मालक आणि मी मागोमाग. त्यांनी पोतं सोडलं, गोणपाट उलगडलं, आणि आम्ही तिघेही बघतच राहिलो. झाडाच्या काड्यांना टेकून, गोणपाटाच्या उबेत, दोन लालभडक सफरचंदं बसली होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. काड्यांची टोकं काळी पडली होती, आणि डोळे काकांनी नखाने हलके स्पर्श करताच गळून पडले.

“अगं बाई, काढली का बाहेर?” मागून काकूचा आवाज आला. हातात डबा, चेहरा नुसता फुललेला. “मीच ठेवलीत ती. तुम्हीच नाही का सांगितलं होतं, फळ कच्चं असलं तर शेजारी पिकलेलं सफरचंद ठेव, चटकन पिकतं म्हणून? म्हटलं, हे बिचारं किती दिवस असं निपचित पडणार? जरा चालना मिळेल. शिळी झाली की बदलते हो मी. एकही डाग नसलेली निवडून आणते.”

इतक्या वर्षांची तिची टिंगल एका क्षणात उघडी पडली. तिलाही ते फूल हवंच होतं, कदाचित काकांपेक्षा जास्त. तरी मी बोलायला तोंड उघडलं, कारण गप्प राहणं मला जमत नाही. काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

मालकांचं तोंड उघडं ते उघडंच. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, “दार लावा.”

त्या दिवशी काकांनी कात्री घेतली आणि काळं पडलेलं सगळं लाकूड छाटलं. छाटत छाटत ते सांध्यापर्यंत आले, तेव्हा तिथे एक डोळा अजून लाल होता. एकच. सफरचंदं काड्यांच्या टोकांशी होती आणि हा अगदी तळाशी गोणपाटाच्या घडीत होता, म्हणून वाचला असेल. तेवढा राखून त्यांनी झाड पुन्हा गुंडाळलं, आणि हवा गार झाल्यावर कुंडीत लावलं.

मग गच्चीवर रोज सकाळी दोन माणसं एका खुंटाकडे बघत उभी राहू लागली. काका गप्प, आणि काकू सांगत असायची. गच्चीवर वाळवण घालायला आलेली शेजारीण असो की गणवेशाचं माप द्यायला आलेली एखाद्या मुलीची आई असो, काकू सांगायची, “माझ्या सफरचंदांनी त्याची झोप मोडली, बघा. हो ना हो?” आणि काका म्हणायचे, “हो.” मी जळायचे. दिवसरात्र डोळ्यात तेल घालून झाड वाचवायचं यांनी आणि श्रेय जायचं सफरचंदांना! एकदा मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, “तुम्ही सांगत का नाही तिला?” ते म्हणाले, “बघू.”

एका सकाळी सांध्याशी लालसर कोंब दिसला. आता तो सांध्याच्या वर की खाली, यावर सगळं होतं. खाली असला तर तो खुंटाचा कोंब, म्हणजे नुसतं रान. माती, पाणी काही न बघता काका गच्चीवर पालथे पडले आणि दादाच्या जुन्या भिंगातून बघत राहिले. मग उठले, जिना उतरून खाली आले आणि काकूच्या मशीनशेजारी जमिनीवर बसले. शर्टाला चिखल लागला होता.

“वर आहे,” ते म्हणाले.

काकूने मांडीवरचं गणवेशाचं कापड सोडून दिलं आणि त्यांच्या पाठीवरचा चिखल झटकत बसली. बराच वेळ झटकत होती, आणि पाठीला तर चिखल नव्हताच.

कोंबाची फांदी झाली, पानं आली, मॅडमना कळवलं. त्या यायच्या दिवशीच कळी उमलली, हा निव्वळ योगायोग. पहिलं फूल म्हणून ते लहान होतं, एका बाजूने जरासं चेपलेलंही होतं. पण रंग तोच होता, पाकळ्या तशाच दाटलेल्या होत्या, आणि वास जिन्याच्या तिसऱ्या वळणापासून येत होता. मॅडम धापा टाकत वर आल्या, पिशवीतून भिंग काढून एकेक पान उलटून पाहिलं, देठ पाहिले, माती पाहिली. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, “झाड निरोगी आहे.” त्यानंतर त्यांनी ते फूल हुंगलं. ते काही तपासणीत येत नसावं, कारण त्या बराच वेळ हुंगत होत्या.

काकूने गच्चीवरच चहा आणला आणि सुरू केलं. “कोल्ड स्टोरेजमध्ये नुसतं पडून होतं हो मॅडम. मी शेजारी सफरचंदं ठेवली, तेव्हा कुठे जागं झालं.”

“सफरचंदं?” मॅडमचा कप ओठाशीच थांबला. “अहो, पण सफरचंदाने तर—”

“चहा घ्या मॅडम,” काका म्हणाले. “गार होतोय.”

चहातून चांगल्या वाफा येत होत्या. मॅडमनी काकांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, त्या उकळत्या चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “पद्धत नवीन आहे. आमच्या पुस्तकात नाही.” बाई हुशार होती. जाताना काकांना म्हणाल्या, “तो मोजा अजून आमच्याकडे आहे, पुतण्याला सांगा,” आणि जिना उतरून गेल्या.

गच्चीवर आम्ही तिघं राहिलो. मी कप गोळा करत होते. काकू फुलाकडे तोंड करून उभी होती, आणि तशीच, न वळता म्हणाली, “मला ठाऊक आहे.”

काकांनी कुंडीतलं एक वाळकं पान उचललं.

“त्याच दिवशी कळलं. मी डबा देऊन फाटकाशी आले, तर हमाल घाम पुसत बसले होते. म्हणाले, वहिनी, सफरचंदाने झोपलेलं झाड मरतं म्हणे, खरं का? घरी येऊन शिवणाला हात लावला नाही. म्हटलं, आज हे येऊन मला फाडून खातील, आणि खावंच. तुम्ही आलात आणि म्हणालात, मीठ दे.” ती आता वळली. डोळे भरलेले, आणि तरी भांडायच्या पवित्र्यात. “एकदा तरी ओरडा म्हणून मी सगळ्या गल्लीला मुद्दाम सांगत सुटले. माझ्या सफरचंदांनी, माझ्या सफरचंदांनी! आणि तुम्ही आपले हो, हो! मनाला काही लागतं की नाही माणसाच्या?”

“झाड जगलं ना,” काका म्हणाले.

“जगलं हो. आणि मेलं असतं तर? माझ्या हाताने मेलं असतं तर काय केलं असतंत?”

मला ते सगळं आठवलं, कारण सगळे मेल मीच लिहिले होते. न पाठवणारे, एक एकर मागणारे, परवान्याचा हिवाळा, रखडलेलं खोकं. काकांनी जराही विचार केला नाही. कोणी बटाट्याचं पोतं कमी पडलं म्हणून विचारावं आणि त्यांनी सांगावं, तितक्या सहज म्हणाले,

“दुसरं मागवलं असतं.”

आणि माझ्या हातातले कप घेऊन ते खाली धुवायला गेले.